एकानंतर सात

अक्का मगदूम छापलेला कागद खालून वर वाचायच्या. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं करत मथळ्यापर्यंत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, या बाईला वाचायलाच येत नसावं. मी तोंडाचा फटकळ. विचारून टाकलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"मिस्त्री, वरनं खाली वाचलं की माणूस मजकुरात गुंततंय. खालनं वर वाचलं की नुसती अक्षरं दिसत्यात. आणि चूक अक्षरातच लपून बसती."

मी चौथी शिकलो. त्यापुढचं जे काय शिकलो ते उद्यमनगरच्या शेडमध्ये, लोखंडापाशी. कुणी कागद पुढं करून मला शहाणपण सांगितलं की माझं डोकं फिरतं. तरी या बाईच्या दुकानात मी जाऊन बसत असे, आणि चहा न देता त्या मला तासभर बसवून ठेवत. चहा कागदावर सांडतो म्हणून दुकानात चहाच नाही. "प्यायचा असंल तर रस्त्यावर पिऊन या," हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायच्या, मग तो वकील असो नाहीतर डॉक्टर.

दुकान राजारामपुरीत, क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत, एका जिन्याच्या खाली. उंच माणसाला आत वाकूनच उभं राहावं लागे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन स्टुलं. लग्नपत्रिका, अर्ज, आम्हा शेडवाल्यांची कोटेशनं, असली कामं. अक्का जैन, शेतकरी घरातल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना "तुमचं काय काम हाय ते सांगा की" एवढंच उत्तर मिळालं.

हे दुकान काढायच्या आधी तीसेक वर्षं त्या छापखान्यात खिळे जुळवायच्या. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. लाकडी खणांची मोठी पेटी असायची, तिला केस म्हणत, आणि केसमधल्या खणाला म्हणत घर. क चं घर इथं, वेलांटीचं घर तिथं. जुळारी न बघता हात घालतो आणि बरोबर अक्षर उचलतो. अक्का सांगायच्या, घरात परका खिळा पडलेला असला तर बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागनं.

छापखाना बंद पडला तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. कॉम्प्युटर शिकायला क्लासला गेल्या. तिथल्या मास्तरांनी बटणं दाखवायला सुरुवात केली, तर यांचा पहिला प्रश्न, "याची केस कुठं हाय?"

मास्तर म्हणाले, "कसली केस, मॅडम?"

"अक्षरं कुठल्या घरात ठेवल्यात? क दाबला की क येतंय, म्हणजे कुठनं तरी येतंयच की."

मास्तर हसले. पण अक्का हलेनात. शेवटी मास्तरांनी कुठून तरी तक्ता शोधून छापून दिला. त्यात जगातल्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक आकड्याला एकेक घर नंबर दिलेला होता. मराठीची वस्ती कुठं, कानडीची कुठं, सगळं. अक्कांनी लागेल तेवढं वहीत उतरवून घेतलं. कॉम्प्युटरच्या पोटात अक्षर नसतंच, नुसता घर नंबर असतो, हे मला त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, त्याचा मला काय उपयोग? त्या म्हणाल्या, "उपयोग व्हायची वाट बघत शिकायचं नसतंय."

अक्कांचा हट्ट कसा होता ते एका पत्रिकेवरून सांगतो, कारण मी तिथं होतो. मुरगूडची मंडळी लग्नपत्रिका घेऊन आली होती. नवऱ्यामुलाचे चुलते पुढं, मागं दोघं तिघं. अक्कांनी मजकूर खालून वर वाचला आणि कॅलेंडर काढलं.

"ह्या तारखेला गुरुवार येत न्हाय. शुक्रवार येतोय."

"बाई, तुम्ही छापा. भटजींनी काढून दिलंय."

"तारीख चुकली का वार चुकला, एवढं विचारून या."

"पावणं थांबल्यात गाडीत. हजार पत्रिका हायत, वाटायला कमी दिवस हायत. छापा म्हणतो न्हवं?"

"दुसरीकडं छापा. माझ्या दुकानाचं नाव खाली येतंय. लोकं निम्मी गुरुवारी येतील, निम्मी शुक्रवारी. जेवणावळ दोनदा घालणार काय?"

चुलते तरातरा गेले. तासाभरानं परत आले, आवाज उतरलेला. तारीख चुकली होती. मला वाटलं, आता बाई चार शब्द ऐकवणार. त्या म्हणाल्या, "बसा. पाणी प्या बाहेर जाऊन." झालं एवढंच. चूक दुसऱ्याची निघाली की अक्का एकदम गप्प व्हायच्या. हे मला पुढं फार उपयोगी पडणार होतं, पण ते तेव्हा माहीत नव्हतं.

आमच्या शेडमध्ये मालकांनी एक मशीन लिलावात घेतलं. गिअरचे दाते पाडायचं, तैवानचं, जुनं पण हाडानं दणकट. आल्यापासून ते कोपऱ्यात ताडपत्री पांघरून बसलं होतं. इंजिनिअर बोलावला, तो बघून गेला तो परत आला नाही. मालक वयानं माझ्या मुलाएवढा, पण हिशेबी. म्हणाला, "मिस्त्री, महिनाभर बघू. न्हायतर भंगारात घालूया. तेवढी जागा तरी मोकळी हुईल." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "महिन्यात चालू करून दाखवतो, न्हायतर ह्या शेडमध्ये पाय ठेवणार न्हाय." बोललो ते बोललो. माझ्या वयाला दुसरी शेड कोण देणार होतं? आणि माझ्या हाताखालचे तिघं त्या मशीनवरच्या कामाची वाट बघत होते. बाकीची कामं आटत चालली होती.

मशीनसोबत एक पुडकं आलं होतं. सुटी पानं, शिलाई उसवलेली, पुढंमागं झालेली, सगळी चिनी लिपीत. दहा पानं मशीन बसवण्याची, एकेका पानावर एकेक टप्पा. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चौकटीत एकच मोठं चिन्ह. ते पुडकं घेऊन मी अक्कांकडं गेलो.

त्यांनी पानं पुसली, फोननं फोटो काढले. फोन त्या लिपीचं मराठी करून देतो, पण कसलं मराठी! एका पानावर आलं, "गोगलगाईच्या चाकाला तेल द्या."

अक्का म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या मशीनमध्ये गोगलगाय हाय?"

मी विचार करत बसलो. मग पेटलं डोक्यात. ज्या आट्याच्या दांड्यानं मोठं चाक हळूहळू फिरतं त्याला आमच्याकडं वर्म म्हणतात. वर्म म्हणजे अळी, असं एका इंजिनिअरनं मला कधीतरी सांगितलं होतं. इंग्रजाला ती अळी दिसली, चिन्याला गोगलगाय दिसली.

"वर्मचं चाक लिव्हा," म्हटलं.

अक्का एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

पंधरा दिवस असं चाललं. फोन बोलायचा, मी अर्थ लावायचा, त्या लिहायच्या. एकही शब्द मला कळला नाही तर पुढं जायच्या नाहीत. "तुमच्या तिघांना हे वाचून काम करायचं हाय. त्यांना कळंल असं सांगा." मराठीत मशीनचं पुस्तक मी तोवर जन्मात बघितलं नव्हतं. प्रत्येक पान तयार झालं की त्या त्याला कॉम्प्युटरमध्ये नाव द्यायच्या. नाव कुठलं, तर मूळ पानाच्या चौकटीतलं तेच चिन्ह; आपल्या पानाच्या कोपऱ्यातही तेच चौकटीत टाकायच्या. "मूळ घरावर जी पाटी, तीच आपल्या घरावर," म्हणायच्या. ते आकडे आहेत एवढं आम्हाला कळलं होतं, पण कुठला कितीचा ते अजून लावायचं होतं.

शेवटचं पान झालं त्या दिवशी संध्याकाळ होत आली होती. अक्का सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्या, त्यामुळं त्या दुकान आवरायला लागल्या. म्हणाल्या, "उद्या या. आकडे तक्त्यावरनं बघून क्रम लावते, मग छापू."

महिना संपायला चार दिवस होते. मी म्हटलं, "क्रम कॉम्प्युटरनं लावलाय की. बघा, ओळीनं उभी हायत दहा. छापून द्या आत्ता."

"कॉम्प्युटर त्याच्या परीनं लावतंय. उद्या."

"अक्का, मी पन्नास मशीनं उभी केली. मला क्रम शिकवू नका."

त्यांनी दहाच्या दहा पानं छापून दिली, एवढंच म्हणाल्या, "मला उद्यापर्यंत थांबा. मशीनला हात लावू नका." मी व्हय व्हय म्हणून बाहेर पडलो. घरी गेलो आणि आले त्या क्रमानं पानं शिवून टाकली. वर जाड पेननं आपल्या आकड्यात १ ते १० घातलं.

आणि मी आंधळेपणानं घातलं नाही, हे सांगून ठेवतो. मी चिन्हं तपासली होती. पहिल्या पानावर 一, एक आडवी रेघ. दुसऱ्यावर 七, दोन रेघा एकमेकीवर टाकलेल्या. तिसऱ्यावर 三, तीन आडव्या रेघा. एकाला एक, दोनाला दोन, तिनाला तीन. मी बायकोला दाखवलं, "बघ, चिनी आलं मला." आणि मजकूरही पटला. पहिलं पान, मशीन पुसा, पातळीत बसवा. दुसरं, मोटर हळू फिरवून बघा. आम्ही पण आधी मोटर कुठल्या बाजूला फिरते तेच बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी लावून झाली. वायरमननं जोडणी दिली. मालक आले, तिघं गोळा झाले, नारळ आणला होता. मी बटणाकडं हात नेला, तेवढ्यात दारात अक्का. राजारामपुरीतून उन्हातून चालत आलेल्या, हातात वही, पदर घामानं भिजलेला. त्या सरळ आत आल्या आणि मेन स्विच आणि माझ्यामध्ये उभ्या राहिल्या.

"थांबा म्हटलं होतं न्हवं?"

"अक्का, बाजूला व्हा. कागद तुमचा, लोखंड माझं."

"कागद माझा हाय म्हणूनच आलेय. खाली माझ्या दुकानाचं नाव हाय."

मालक म्हणाला, "बाई, मुहूर्ताला असं आडवं येत्यात काय?"

"मुहूर्त गेला तर दुसरा मिळंल. पुस्तक दाखवा." त्यांनी दुसरं पान उघडलं. "हे दुसरं न्हाय. हे सातवं हाय."

माझं टाळकं सणकलं. चार माणसांत! मी माझ्या रेघा दाखवल्या. एक, दोन, तीन. "मोजून घ्या की!"

अक्कांनी पाचवं पान काढून माझ्यापुढं धरलं. चौकटीत 二. दोन आडव्या रेघा, एकीखाली एक, एकाच्या आणि तिनाच्या सख्ख्या भावासारख्या.

"मग हे किती?"

मी म्हटलं, "असंल त्यांचं काहीतरी." पण आवाज माझा मलाच बारीक वाटला.

मग त्यांनी वही उघडली आणि तिथंच, स्विचपासून न हलता, सांगितलं. शेडमध्ये सगळे थांबून ऐकत होते. "आपले शून्य ते नऊ कॉम्प्युटरमध्ये एका चाळीत राहत्यात, ओळीनं दहा खोल्या. तक्ता करणाऱ्यांनी त्यांना आकडे म्हणूनच घर दिलं. ह्यांचे हे आकडे म्हणजे ह्यांची अक्षरंच. ती बसवली आकारावरनं, घराण्यावरनं. एक, सात आणि तीन हे आडव्या रेघेच्या घराण्यातले, म्हणून एका गल्लीत. एकाचं घर चार-ई-शून्य-शून्य, साताचं चार-ई-शून्य-तीन, तिनाचं चार-ई-शून्य-नऊ. मध्ये परकी माणसं राहत्यात. नऊ पुढच्या गल्लीत एकटा. दोन आणि पाच एका घराण्यातले, म्हणून त्यांच्या पुढं. आठ आणि सहा लांब दुसऱ्या पेठेत, त्यातबी आठ आधी. दहा त्याच्या पलीकडं. चार तर बंद चौकोनाच्या घराण्यातला, सगळ्यांत शेवटी. आणि पूज्य लिहायला ते जे गोल काढत्यात, ते ह्यांच्यात न्हायच, विरामचिन्हांच्या वस्तीत राहतंय. पोस्टमन गल्लीवारीनं जातो. कॉम्प्युटर पण तसाच गेला. एक, सात, तीन, नऊ, दोन, पाच, आठ, सहा, दहा, चार. तेच तुम्ही शिवलं."

कुणीतरी मागून म्हणालं, "आयला!"

मी अजून ताठच. माणूस चुकलेला असला की जास्त ताठतो. म्हटलं, "एवढं हाय तर मग खरं दुसरं पान काय म्हणतंय?"

अक्कांनी वाचलं. "मशीन हलवताना टेबल हलू नये म्हणून आत पट्टी घातलेली असते. झाकण उघडून ती काढा. त्याशिवाय मोटर फिरवू नये."

"लिव्हताना मीच सांगितलं, पण ते नव्या मशीनचं. ह्या जुन्याला कुठली आलीय पट्टी? मी सगळं बघितलंय."

"झाकण उघडून बघितलं?"

मी झाकणाकडं बघितलं.

"उघडा. पट्टी नसली तर मी आल्या पावली जाते, आणि पुन्हा तुमच्या मशीनचं नाव घेत न्हाय."

झाकण उघडलं. आत, गोगलगाईच्या चाकाला लागून, अंगठ्याएवढी जाड लोखंडी पट्टी. लाल रंग दिलेला, तेलाच्या थराखाली काळा पडलेला. ती तशीच ठेवून मोटर टाकली असती तर चाकाचे दाते उडाले असते, आणि ते चाक आता जगात कुठं मिळत नाही. मशीन त्याच दिवशी भंगार झालं असतं. आणि त्याच्याबरोबर मीही.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी अक्कांकडं बघितलं. आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी वाकून पट्टीचा बोल्ट बघितला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, ह्याला पाना कितीचा लागंल?"

त्या एका प्रश्नानं त्यांनी मला माझ्या शेडमध्ये मिस्त्री म्हणून पुन्हा उभं केलं. मी पाना मागितला.

पुस्तक उसवून पानं नीट लावली. मग काम सुरू झालं, अक्कांच्या पद्धतीनं. त्या स्टुलावर बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचायच्या आणि मी "झालं" म्हटल्याशिवाय पुढची ओळ नाही. एकदा मी न करताच झालं म्हटलं, तर म्हणाल्या, "बघून सांगा." दुसरं, तिसरं, चौथं. सहाव्याला एक नळी तुंबलेली निघाली, ती फुंकण्यात वेळ गेला. सातवं पान आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. बटण दाबलं. टेबल हललं, थांबल्यासारखं झालं, आणि मग असं फिरायला लागलं की जणू कालच बंद केलं होतं. तिघांनी शिट्ट्या मारल्या. आठवं, नववं झालं. पहिला गिअर उतरला, गरम, चकचकीत. मालकानं तो रुमालात धरून सगळ्यांना दाखवला आणि पेढे आणायला माणूस पाठवला.

अक्का स्टुलावरून उठल्या नाहीत.

मालक म्हणाला, "या की बाई, पेढा घ्या. झालं की काम."

"दहावं राहिलंय."

दहावं पान म्हणत होतं, मशीन आठ तास चालवा, मग पायाचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

मी म्हटलं, "अक्का, ते मी बघतो संध्याकाळी. तुम्ही जावा, दुकान बंद हाय तुमचं."

"राहू दे बंद."

त्या बसून राहिल्या. दुपारी तिघं जेवायला गेले, मालक गेला, अक्का मशीनपाशी. घरातून कुणाकडून तरी डबा मागवला होता. सहा वाजता हात धुऊन, मशीनकडं पाठ न करता, सूर्य मावळायच्या आत जेवून घेतलं. ज्या बाईनं दुकानात चहा येऊ दिला नाही, तिनं तेलाच्या वासात भाकरी खाल्ली. सात वाजून गेल्यावर मशीन थांबवलं. मी पाना घेऊन एकेक बोल्ट बघत गेलो. सगळे गच्च. कोपऱ्यातला शेवटचा मात्र फिरला. पाव फेरा.

"एक सैल होता," मी म्हटलं. "पाव फेरा."

"मग लिव्हा."

"मी?"

"तुम्हाला सापडला. पानाच्या खाली लिव्हा."

मी तेलकट बोटांनी पेन धरला. एवढी ओळ लिहायला मला बराच वेळ लागला. 'कोपऱ्यातला बोल्ट पाव फेरा सैल होता, आवळला.' खाली माझं नाव. अक्का घाई न करता थांबल्या.

पुढं दोन महिन्यांत दुकान बंद करून त्या कागलला भाच्याकडं राहायला गेल्या, आणि वर्षाच्या आतच तिथं वारल्याचं कळलं. मशीन चालू आहे. माझ्या तिघांतला एकजण आता त्याच्यावर मिस्त्री आहे, आणि दहाव्या पानावर माझ्या ओळीखाली त्याच्या अक्षरातल्या बऱ्याच ओळी झाल्यात. कधी 'सगळे गच्च,' कधी 'दोन सैल.'

मला अक्का दिसतात त्या त्याच संध्याकाळच्या. मी ओळ लिहून पान पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, शाई वाळेपर्यंत हातात धरून ठेवलं आणि मशीनमागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं. मग मला म्हणाल्या, "आता पुन्हा चालू करा." मी बटण दाबलं. टेबल फिरायला लागलं. त्या थोडा वेळ मान कलती करून ऐकत उभ्या राहिल्या. "झालं," म्हणाल्या, आणि चपला घालून राजारामपुरीच्या रस्त्याला लागल्या.